आनुवंशिक आजार: घराण्यात कुणालाच नसताना बाळाला कसा होतो?

बाळाला आनुवंशिक आजार आहे असे कळले की बहुतेक कुटुंबांतून पहिले वाक्य येते, “पण डॉक्टर, आमच्या घराण्यात हे कुणालाच नाही.” दुसरे वाक्य अनेकदा उघड बोलले जात नाही, पण घरात घुमत राहते: “मग हे आईकडूनच आले असणार.”

ही दोन्ही वाक्ये शाळेत शिकलेल्या आनुवंशिकतेवर उभी आहेत. मेंडेलच्या वाटाण्यांचे नियम खरे आहेत, पण माणसांतील अनेक आजार त्या नियमांत जसेच्या तसे बसत नाहीत. आजार कोणत्या पद्धतीने पुढच्या पिढीत जातो, यावर पुढच्या बाळाचा धोका, कुणाची तपासणी करायची आणि कोणती तपासणी करायची हे ठरते. या लेखात या पद्धतींची माहिती घेऊ.

थोडक्यात

- घराण्यात आधी कुणाला आजार नसला तरी तो आनुवंशिक असू शकतो.
- काही आजारांत आई वाहक असते, काहींत वडील, काहींत दोघे आणि काहींत दोघांपैकी कुणीही नाही. आजार कोणत्या बाजूने आला हा दोषाचा प्रश्न नाही. कुणाची तपासणी करायची, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग आहे.
- एकच जनुकीय तपासणी सगळे आजार शोधू शकत नाही. “जनुकीय तपासणी नॉर्मल आली” म्हणजे आनुवंशिक आजार नाही, असे नेहमीच नसते.
- पुढच्या गर्भधारणेचा विचार असेल तर समुपदेशन गर्भ राहण्यापूर्वी घ्या.

आधी थोडी उजळणी

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून येते. त्यामुळे बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात.

एक प्रत सदोष असली तरी आजार होतो, त्याला प्रभावी पद्धत म्हणतात. अशा पालकाच्या प्रत्येक अपत्याला धोका ५० टक्के असतो. दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार होतो, त्याला अप्रभावी पद्धत म्हणतात. थॅलेसेमिया हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आईवडील दोघेही निरोगी वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आते-मामे भावंडांच्या लग्नांत हा धोका वाढतो, कारण एकाच पूर्वजाकडून आलेली सदोष प्रत दोघांकडेही असू शकते.

इथपर्यंतचे बहुतेकांना ऐकून माहीत असते. आता त्यापुढचे पाहू.

१. एक्स गुणसूत्रावरचे आजार: हिमोफिलिया

स्त्रीमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. एक्सवरील जनुक सदोष असेल तर स्त्रीकडे दुसरी प्रत असते, पुरुषाकडे नसते. म्हणून हिमोफिलिया आणि डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे आजार मुख्यतः मुलांमध्ये दिसतात.

हिमोफिलियात रक्त गोठवणारा घटक कमी असतो. ‘ए’ प्रकारात आठवा आणि ‘बी’ प्रकारात नववा. वाहक आईच्या बाबतीत गणित असे असते:

- प्रत्येक मुलाला हिमोफिलिया होण्याची शक्यता ५० टक्के.
- प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता ५० टक्के.

वडिलांना हिमोफिलिया असेल आणि आई वाहक नसेल, तर त्यांच्या सर्व मुली वाहक होतात, पण एकाही मुलाला त्यांच्याकडून आजार मिळत नाही. मुलगा वडिलांकडून वाय घेतो, एक्स नाही. म्हणून आजार आजोबांत दिसतो, मुलीत लपतो आणि नातवात पुन्हा दिसतो. “एक पिढी सोडून येतो” असे लोक म्हणतात ते यामुळेच.

इथे तीन गैरसमज आढळतात.

*“नात्यात लग्न नाही, म्हणून हिमोफिलिया होणार नाही.”* हे चूक आहे. या आजाराला एकट्या आईकडून आलेली प्रत पुरते. मात्र हिमोफिलिया असलेल्या तरुणाने हिमोफिलिया असलेल्या मामाच्या मुलीशी लग्न केले तर त्यांच्या मुलींनाही हा आजार होऊ शकतो, कारण मामाची मुलगी निश्चित वाहक असते.

*“घराण्यात कुणाला नाही, म्हणजे निदान चुकले.”* सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाही हिमोफिलिया नसतो. जनुकातला बदल नव्याने घडलेला असतो. तो बाळात प्रथम घडला असेल, किंवा आईमध्ये, म्हणजे आजोबांच्या शुक्रपेशीत किंवा आजीच्या बीजपेशीत. म्हणून घराण्यात कुणी नसले तरी आईची वाहक तपासणी करावीच.

*“वाहक स्त्रीला काही त्रास नसतो.”* स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भावस्थेतच बंद होतो. कोणता बंद होईल हे नशिबावर असते. निरोगी एक्स जास्त पेशींत बंद झाला तर त्या स्त्रीचा रक्त गोठवणारा घटकही कमी राहतो. पाळीत खूप रक्तस्राव, दात काढल्यावर रक्त न थांबणे, बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव अशी लक्षणे दिसू शकतात. प्रत्येक वाहक स्त्रीने घटकाची पातळी एकदा तपासून घ्यावी, विशेषतः शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणापूर्वी. तसेच डुशेनच्या वाहक मातांनी अधूनमधून हृदयाची तपासणी करावी.

२. फक्त आईकडून येणारे आजार: मायटोकाँड्रिया

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियामध्ये स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्यात ३७ जनुके असतात. हा डीएनए बाळाला आईच्या बीजांडातूनच मिळतो. त्यामुळे यातील दोष आईकडून मुलगे आणि मुली दोघांकडे जातो. पुढे मुली तो आपल्या मुलांना देतात, मुलगे देत नाहीत.

एका पेशीत मायटोकाँड्रियल डीएनएच्या शेकडो ते हजारो प्रती असतात. त्यातील किती सदोष आहेत यावर आजाराची तीव्रता ठरते. म्हणून एकाच आईच्या एका मुलाला फेफरे आणि स्नायूंची कमजोरी, दुसऱ्याला तिशीत मधुमेह आणि बहिरेपणा, आणि स्वतः आईला जवळजवळ काहीच नाही, असे होऊ शकते. घरातल्यांना हे तीन वेगळे आजार वाटतात.

एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावी. मायटोकाँड्रियातील एका ठराविक बदलामुळे जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन या गटातील इंजेक्शनांनी कायमचा बहिरेपणा येऊ शकतो, नेहमीच्या डोसनेही. आई, मावशी, मामा, आजी (आईची आई) किंवा भावंडांपैकी कुणाला अशा इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. त्याऐवजी बहुधा दुसरे औषध निवडता येते.

मायटोकाँड्रियाचा आजार म्हणजे तो आईकडूनच आला, असेही नाही. मायटोकाँड्रियाला लागणारी बहुतेक प्रथिने पेशीच्या केंद्रकातील जनुकांवरून बनतात. लहान मुलांतील असे अनेक आजार दोन्ही पालकांकडून आलेल्या अप्रभावी जनुकांमुळे होतात. नेमका बदल सापडेपर्यंत कुणाकडून आला हे सांगता येत नाही.

३. पिढीगणिक वाढत जाणारा बदल: फ्रॅजाइल एक्स

काही जनुकांत डीएनएची तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ही पुनरावृत्ती पुढच्या पिढीत जाताना वाढू शकते. ठराविक मर्यादा ओलांडली की आजार दिसतो. हंटिंग्टनचा आजार आणि मायोटॉनिक डिस्ट्रॉफी याच गटातले. त्यांत पुढच्या पिढीत लक्षणे लवकर आणि जास्त तीव्र दिसू शकतात.

फ्रॅजाइल एक्स हे मुलांमधील आनुवंशिक बौद्धिक अक्षमतेचे एक महत्त्वाचे कारण आहे. त्यात एक्स गुणसूत्रावरील एका जनुकातील पुनरावृत्ती मोजतात:

- ४४ पर्यंत: सामान्य.
- ४५ ते ५४: मधली पायरी. आजार नाही.
- ५५ ते २००: ‘पूर्व-बदल’. व्यक्ती वाहक असते.
- २०० पेक्षा जास्त: पूर्ण बदल. जनुक बंद पडते.

आता एक काल्पनिक, पण अगदी शक्य असे कुटुंब घ्या. आजोबांना साठीनंतर हात थरथरणे आणि चालताना तोल जाणे सुरू झाले. ‘पार्किन्सन असेल’ किंवा ‘वयच झाले’ म्हणून सोडून दिले. त्यांच्या मुलीची पाळी पस्तिशीत बंद झाली. तिने स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार घेतले. तिचा मुलगा उशिरा बोलायला लागला, नजरेला नजर देत नाही, शाळेत मागे पडतो. त्याला बालरोगतज्ज्ञ पाहतात.

तिघांचे डॉक्टर वेगळे, फाइली वेगळ्या, कारण मात्र एकच. आजोबांकडे पूर्व-बदल होता. वडिलांकडून तो सर्व मुलींना मिळतो, पण त्या वाटेने त्याचे पूर्ण बदलात रूपांतर होत नाही. मुलीकडून पुढे जाताना मात्र पुनरावृत्ती वाढते आणि नातवात पूर्ण बदल होतो. पूर्व-बदल असलेल्या सुमारे २० टक्के स्त्रियांची पाळी चाळिशीच्या आत अनियमित होते किंवा बंद पडते. पन्नाशीनंतर वाहक पुरुषांपैकी बऱ्याच जणांना कंप आणि तोल जाण्याचा त्रास होतो.

मुलाला बोलण्यात उशीर, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असेल तर डॉक्टरांना आईच्या पाळीबद्दल आणि आईच्या वडिलांच्या कंपाबद्दल आवर्जून सांगा. फ्रॅजाइल एक्सची तपासणी वेगळी मागवावी लागते. नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत किंवा एक्झोम तपासणीत तो सहसा सापडत नाही.

४. तेच जनुक, पण कुणाकडून आले यावर आजार

बहुतेक जनुकांच्या दोन्ही प्रती काम करतात. मोजक्या जनुकांत मात्र फक्त आईकडची किंवा फक्त वडिलांकडची प्रत चालू असते. दुसरीवर ‘बंद’ अशी रासायनिक खूण असते.

१५व्या गुणसूत्रावर असा एक भाग आहे. तिथला वडिलांकडून येणारा भाग नसेल तर प्राडर-विली सिंड्रोम होतो. बाळ जन्मतः ढिले असते, नीट ओढून दूध पीत नाही. पुढे मात्र भूक भागतच नाही आणि वजन झपाट्याने वाढते. आईकडून येणारा भाग नसेल तर अँजेलमन सिंड्रोम होतो. त्यात बोलणे जवळजवळ येत नाही, फेफरे येतात, चाल डगमगते आणि मूल वारंवार हसते.

या दोन्हींमध्ये पुढच्या बाळाचा धोका कारणावर अवलंबून असतो. बहुतेक रुग्णांत तो भाग नव्याने गळालेला असतो. अशा वेळी पुन्हा होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. थोड्या कुटुंबांत मात्र ती ५० टक्के असते. उदाहरणार्थ, अँजेलमनचा जनुकीय बदल आईला तिच्या वडिलांकडून मिळाला असेल, तर तिच्यात ती प्रत मुळातच बंद असते आणि ती पूर्ण निरोगी राहते. तिच्याकडून तोच बदल मुलाला मिळाला की आजार होतो. एक टक्का आणि ५० टक्के यांतला फरक केवळ लक्षणांवरून कळत नाही. त्यासाठी डीएनएवरील रासायनिक खुणांची, म्हणजे मिथायलेशनची तपासणी आणि त्यानंतर नेमके कारण शोधणे आवश्यक असते.

५. जनुक आहे, पण आजार नाही किंवा सौम्य आहे

काही प्रभावी जनुके असूनही प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्याची ठळक उदाहरणे. यांत दोष असलेल्या स्त्रियांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो, म्हणजे अनेकींना होतही नाही. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

हा दोष वडिलांकडूनही येतो. आत्या, वडिलांची आई किंवा चुलत बहीण यांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर तो इतिहास मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा आहे. “तो सासरचा आजार, माझ्या मुलीला काय” असे म्हणून सोडू नका.

काही आजारांत जनुक असलेल्या प्रत्येकात काहीतरी दिसते, पण तीव्रता फार वेगळी असते. न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये वडिलांच्या अंगावर फक्त कॉफीच्या रंगाचे काही डाग असतील आणि मुलाला मज्जातंतूंच्या गाठी असतील. म्हणून मुलाचे निदान झाल्यावर पालकांची त्वचा आणि डोळेही तपासतात.

६. आईवडिलांच्या रक्तात बदल नाही, तरीही

बीजांडात किंवा शुक्रपेशीत बदल नव्याने घडू शकतो. अकाँड्रोप्लेझिया या बुटकेपणाच्या आजारात सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात.

अशा वेळी पुढच्या बाळाचा धोका सहसा कमी असतो, पण शून्य नसतो. पालकाच्या रक्तात नसलेला बदल त्याच्या काही बीजपेशींत असू शकतो. त्यामुळे आईची वाहक तपासणी नॉर्मल असूनही डुशेन असलेले दुसरे मूल जन्मल्याची कुटुंबे आहेत. यासाठीच रिपोर्ट नॉर्मल असला तरी पुढच्या गर्भधारणेत तपासणीचा पर्याय दिला जातो.

७. एक जनुक दुसऱ्याला झाकते: बॉम्बे रक्तगट

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक वेगळा रक्तगट नोंदवला. ‘ए’ आणि ‘बी’ गटांचा पाया असलेला ‘एच’ हा घटक या व्यक्तींच्या लाल पेशींवर नसतो. त्यामुळे त्यांच्याकडे ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक असले तरी ते दिसत नाही आणि साध्या तपासणीत रक्त ‘ओ’ वाटते. अशा व्यक्तीला ‘ओ’ रक्त दिले तर गंभीर प्रतिक्रिया येते. तिला बॉम्बे गटाचेच रक्त लागते.

याचा दुसरा परिणाम घरात होतो. आईवडील दोघांचा गट ‘ओ’ लिहिलेला आणि बाळाचा ‘ए’ निघाला की संशयाला जागा मिळते. एक पालक बॉम्बे गटाचा असेल तर असे होऊ शकते. केवळ रक्तगटाच्या कार्डावरून कुणावर संशय घेऊ नका. आधी रक्तपेढीत गट पुन्हा, सविस्तर तपासून घ्या.

समुपदेशनाला जाताना काय न्यावे?

तीन पिढ्यांचा आराखडा सर्वांत उपयोगी. आईची आणि वडिलांची अशा दोन्ही बाजू लिहा:

- कुणाला कोणता आजार, कोणत्या वयात सुरू झाला.
- गर्भपात, मृत जन्म, लहानपणी दगावलेली मुले. यांची नावे घरात घेतली जात नाहीत, पण डॉक्टरांना सांगणे गरजेचे आहे.
- नात्यातील लग्ने.
- बहिरेपणा, अंधत्व, फेफरे, लवकर बंद झालेली पाळी, कंप, कमी वयातील कर्करोग.
- जुने रिपोर्ट, आणि आजारी व्यक्तीचा जनुकीय अहवाल असल्यास त्याची मूळ प्रत.

तपासणी शक्यतो आजारी व्यक्तीपासून सुरू करावी. तिच्यात नेमका बदल सापडला की इतर नातेवाइकांत तोच शोधणे सोपे आणि स्वस्त होते. आजारी मूल हयात नसेल तर त्याचा साठवलेला डीएनए आहे का, हे विचारा.

गर्भावस्थेतील तपासणी

कुटुंबातील जनुकीय बदल माहीत असेल तर साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या पेशींची, किंवा १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी करता येते. लिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार गर्भाचे लिंग सांगणे गुन्हा आहे. पण हिमोफिलियासारख्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची जनुकीय तपासणी कायदेशीर आहे. बदल शोधायला काही आठवडे लागतात, म्हणून गर्भ राहिल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच तयारी करा. तपासणी करायची की नाही, आणि अहवालानंतर काय करायचे, हा निर्णय तुमचा असतो. समुपदेशक माहिती देतात, निर्णय लादत नाहीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पहिले मूल आजारी आहे. २५ टक्के धोका म्हणजे पुढची तीन निरोगी होतील का?*
नाही. प्रत्येक गर्भधारणेत धोका तेवढाच असतो. आधीच्या मुलाचा त्यावर परिणाम होत नाही.

*मधुमेह, रक्तदाब आनुवंशिक आहेत, मग तपासणी का सांगत नाहीत?*
बहुतेक वेळा त्यात अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा आणि आहार, वजन, व्यायाम यांचा वाटा असतो. एका जनुकाच्या तपासणीने उत्तर मिळत नाही. धोका मात्र कमी करता येतो. बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मदोषांचेही असेच आहे. गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने त्यांतले बरेच दोष टळतात. आधीच्या बाळात असा दोष असेल तर डॉक्टर मोठा डोस देतात.

*ग्रहणात बाहेर पडल्याने किंवा गरोदरपणी काही चुकल्याने असे झाले का?*
ग्रहणाचा यांपैकी कोणत्याही आजाराशी संबंध नाही. वर सांगितलेले जनुकीय बदल बहुधा गर्भ राहण्याच्या क्षणी किंवा त्याही आधी घडलेले असतात. कुणीही ते ठरवून देत नाही आणि कुणाला ते टाळताही आले नसते.

*बहिणीला सांगावे का?*
हो. आजार एक्स गुणसूत्राशी निगडित असेल तर आईच्या बहिणी आणि मुलीही वाहक असू शकतात. लग्न मोडेल या भीतीने ही माहिती लपवली जाते आणि मग पुढच्या पिढीत तोच आजार अचानक समोर येतो. कसे सांगायचे हे जमत नसेल तर समुपदेशकांकडून नातेवाइकांसाठी पत्र लिहून घ्या.